बॉर्डरलाइन साखर: दोन रिपोर्टांच्या मधले महिने

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.२ टक्के आलं ते जानेवारीत. डॉक्टरांनी फाइलवर ‘आता वर्षाने’ असं लिहिलं ते सप्टेंबर संपता संपता. मधल्या काळात मी नेटवर जे शोधलं त्यात एक तर भीती घालणारे लेख होते, नाहीतर ‘महिन्यात साखर गायब’ छापाचे व्हिडिओ. प्रत्यक्षात काय काय करावं लागतं, कुठे नुसतं थांबून राहावं लागतं, कोण कोणते कागद मागतं, कशावर पैसे जातात आणि कशावर घालवायची गरज नसते, हे सलग लिहिलेलं काही मिळालं नाही. म्हणून हा उद्योग. वय ४६, दिवसभर खुर्चीतलं काम, आई आणि मोठी मावशी दोघींना मधुमेह. तुमचे आकडे आणि तुमची औषधं वेगळी असणार, तेव्हा गोळ्यांच्या बाबतीत माझं अनुकरण करू नका.

आधी आकड्यांचं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ किंवा वर असेल तर मधुमेह, असं बहुतेक रिपोर्टांच्या तळाशी छापलेलं असतं. काही देशांत टक्क्यांऐवजी मिलिमोल प्रति मोल लिहितात. तिथे माझे ६.२ म्हणजे ४४. उपाशीपोटीची साखर १०८ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) होती. अमेरिकन निकषाने १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व पातळी, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने ती ११० पासून सुरू होते. म्हणजे एकाच रक्ताला एका तक्त्यात लाल रंग आणि दुसऱ्यात काळा. पहिल्या रात्री मी याच दोन तक्त्यांमध्ये येरझाऱ्या घालत बसले होते.

डॉक्टरांची वेळ आठवड्याने मिळाली. त्यांनी साखरेचं पान वाचलं, काही बोलले नाहीत, आणि दोन पानं मागे जाऊन रक्तपेशींच्या तक्त्यावर थांबले. हिमोग्लोबिन १०.८, पेशींचा आकार नेहमीपेक्षा लहान.

“दम लागतो का?”

“जिना चढताना. वयाने असेल म्हटलं.”

“पाळीला रक्तस्राव जास्त होतो?”

साखरेसाठी आले आणि हे काय विचारतायत, असं वाटलं. त्यांनी मग कागदावर काढून दाखवलं. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला जेवढी साखर चिकटते, तिचं प्रमाण म्हणजे एचबीए१सी. म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो आणि आज उपास केल्याने उद्या हलत नाही. पण शरीरात लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त दिवस फिरत राहतात, आणि साखर तेवढीच असूनही आकडा वर दिसू शकतो. उलटही होतं: रक्तस्रावानंतर, रक्त चढवल्यावर किंवा पेशी लवकर फुटण्याच्या आजारात आकडा खोटा कमी येतो. “तेव्हा हे ६.२ खरं किती आणि लोहाचं किती, ते आधी बघू,” असं म्हणून त्यांनी दोन तपासण्या लिहून दिल्या: फेरिटिन आणि ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट.

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. साखरेचा रिपोर्ट दाखवायला जाताना एकटं ते पान नेऊ नका. सगळी पानं न्या.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज. माझं ९ आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने प्रौढांमध्ये १५ च्या खाली म्हणजे कमतरता. बरेच डॉक्टर ३० च्या खाली असेल तरीही लक्ष घालतात. ही तपासणी साध्या रक्ततपासणीपेक्षा महाग पडते आणि ठरावीक पॅकेजमध्ये बहुधा नसते, वेगळी मागावी लागते.

ग्लुकोज टॉलरन्स टेस्टबद्दल मात्र जरा विस्ताराने सांगते, कारण ती नीट झाली नाही तर सगळी सकाळ वाया जाते. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ‘टेस्ट आहे म्हणून’ भात-साखर बंद करून गेलात तर निकाल उगाच बिघडलेला येऊ शकतो. आदल्या रात्रीपासून किमान आठ तास उपास, पाणी चालतं. सकाळी पहिलं रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. हे इतकं गोड असतं की शेवटचे दोन घोट घशाखाली जात नाहीत. मला मळमळलं, पण उलटी झाली नाही (झाली तर टेस्ट रद्द, पुन्हा दुसऱ्या दिवशी यावं लागतं). त्यानंतर दोन तास बसून राहायचं. चालायचं नाही, खायचं नाही, सिगारेट ओढायची नाही. खिडकीवरच्या मुलीने मला सहज सांगितलं, “घरी जाऊन या ना मॅडम, दोन तासांनी.” मी बसूनच राहिले. चालत घरी गेले असते तर स्नायूंनी वाटेतच साखर वापरली असती आणि आकडा कमी आला असता. जाताना पुस्तक, पाण्याची बाटली आणि शाल न्या, त्या खोल्यांमधला एसी फार जोरात असतो.

निकाल: उपाशीपोटी १०७, दोन तासांनी १५८. दोन तासांचा आकडा १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व. (तुमच्याकडे मिलिमोलमध्ये रिपोर्ट येत असेल तर साखरेचे हे आकडे १८ ने भागा.) म्हणजे साखरेची तक्रार खरीच होती, आणि लोहाचीही. डॉक्टर म्हणाले, “दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच रिपोर्टात येऊन बसलीत.” मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं तर हायसं वाटलं. निदान काय आहे ते कळलं.

लोहासाठी गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड. मी विचारलं, रोज का नाही? लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचा जवळपास दिवसभर शोषण कमी होतं; एक दिवस सोडून घेतलं तर प्रत्येक गोळीचं जास्त लोह अंगी लागतं, पोटही कमी बिघडतं. गोळीसोबत चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियम नको, मध्ये एक-दोन तास जाऊ द्यायचे. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरायचं नाही. बद्धकोष्ठता होते, तिच्यासाठी पाणी आणि भाज्या वाढवाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात गोळी ‘विसरायला’ होतं. शिवाय लोह कमी का झालं हे शोधणं वेगळं. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ, सोनोग्राफी, आणखी एक रांग. तिथे जे सापडलं त्यावर उपचार झाले, तो या लेखाचा विषय नाही. पण चाळिशीनंतर पाळीचा त्रास ‘आता असंच असतं’ म्हणून सोडून देणाऱ्या मैत्रिणींनो, एकदा फेरिटिन बघा.

साखरेसाठी गोळी लिहून दिली नाही. मधुमेहपूर्व अवस्थेवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ३,२३४ लोक, तीन गट. जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. जीवनशैली म्हणजे तिथे दोनच उद्दिष्टं होती: वजनाच्या ७ टक्के घट, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं जोरात चालण्याइतका व्यायाम. मेटफॉर्मिनचा फायदा जास्त स्थूल, वयाने तरुण आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना अधिक दिसला. मी त्यात बसत नव्हते. माझं वजन ७१ किलो, त्याचे ७ टक्के म्हणजे पाच किलो. ऐकायला हा आकडा फारच किरकोळ वाटला. पुढे कळलं की तसा तो नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस डाएटिशियनची वेळ मिळाली. जाण्याआधी तीन दिवसांची नोंद मागितली होती, त्यातला एक दिवस सुट्टीचा. काय खाल्लं, किती वाजता, आणि खाताना काय चाललं होतं. मी इमानेइतबारे लिहून नेलं. मला वाटलं आता पदार्थांवर लाल रेघा येणार. बाईंनी पेन्सिल घेतली आणि ‘१.१५ जेवण’पासून ‘९.४० जेवण’पर्यंत एक लांब बाण काढला. बाणाच्या मध्ये ४.३० ला चहा-बिस्किटं, ६ ला चहा-बिस्किटं, ७.४५ ला ‘हाताला लागेल ते’, आणि समोरच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘मीटिंग’, ‘मीटिंग’, ‘स्वयंपाक करता करता’. “तुमचं जेवण ठीक आहे,” त्या म्हणाल्या, “हा बाण ठीक नाही.”

त्यांनी काहीही बंद केलं नाही, हे मला आधी पटलंच नाही. पैसे देऊन आले आहे तर बंदीची यादी तरी मिळावी अशी आपली समजूत असते. सांगितलं ते एवढंच. रात्रीचं जेवण आठच्या आत, कारण तीच थाळी रात्री उशिरा खाल्ली तर साखर सकाळपेक्षा जास्त चढते. संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रथिनं असलेलं काहीतरी: मूठभर दाणे, दही, उकडलेलं अंडं, शिजवलेलं कडधान्य. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा, उरलेला पाव धान्याचा. आणि खाताना क्रम: आधी भाजी आणि प्रथिनं, धान्य शेवटी. हा क्रमाचा मुद्दा मला आधी थोतांड वाटला होता, पण त्यावर अभ्यास झालेले आहेत. तेच जेवण, तेवढंच, फक्त क्रम बदलला तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

साखरेबद्दल त्यांनी एक हिशेब दिला तो मात्र डोक्यात पक्का बसला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी वरची साखर, शक्यतो ५ टक्क्यांपेक्षा कमी. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी ते ५० आणि २५ ग्रॅम. यात मध, सरबतं आणि फळांचा रसही धरतात; अख्खं फळ धरत नाहीत. म्हणजे ‘नैसर्गिक आहे’ म्हणून साखरेऐवजी मध घातल्याने हिशेबात काही फरक पडत नाही. पाकिटं वाचताना ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना बघा. ‘प्रति सर्व्हिंग’ या रकान्यात कंपनी सर्व्हिंग आपल्या सोयीने लहान करते.

डाएटिशियनकडे एक पहिली भेट आणि महिन्याने एक, एवढंच पुरलं. तीन महिन्यांचं पॅकेज घ्या असा आग्रह झाला होता. घेतलं नाही.

‘नैसर्गिक’वरून आठवलं. रिपोर्टची बातमी घरच्या ग्रुपवर फुटली त्या दिवसापासून उपायांचा पाऊस. मावशीचा फोन: “अगं, रिकाम्या पोटी दालचिनीचं पाणी घे, मी घेते ना.” आत्तेबहिणीने ग्रीन टीच्या कॅप्सूल पाठवल्या. कुणी व्हिनेगर सुचवलं. नाही म्हणणं अवघड, माणसं मायेने सांगत असतात. मी सगळ्या बाटल्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेल्या. हे करायला लाजू नका, त्यांनाच ते हवं असतं. दालचिनी स्वयंपाकात हवी तेवढी घाला म्हणाले, पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या कॅसिया जातीत कूमरिन असतं. रोज चमचा-चमचा घेत राहिलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. ग्रीन टी पेय म्हणून ठीक, तिच्या अर्काच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. व्हिनेगरचा परिणाम थोडा, दातांच्या एनॅमलला त्रास जास्त. आणि सगळ्यात अनपेक्षित निघाली ती केसांसाठी मी घेत असलेली बायोटिनची गोळी. तिचा साखरेशी संबंध नाही, पण जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं. माझी थायरॉइडची तपासणी व्हायची होती, म्हणून ती आधी काही दिवस बंद करायला लावली. लॅबच्या फॉर्मवर ‘सध्याची औषधे’ असा रकाना असतो, त्यात ‘व्हिटॅमिन’सुद्धा लिहा.

मावशीला मी खरं तेच सांगितलं, की डॉक्टरांनी तूर्त थांबवलंय. तिने डॉक्टर बदलायचा सल्ला दिला.

मार्चपासून चालणं. वेग किती असावा हे घड्याळ न बघता कळतं: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. सुरुवातीला सकाळी एकदम अर्धा-पाऊण तास असा बेत होता, तो आठवड्यात बारगळला. टिकलं ते जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं. त्यामागचं कारण कळलं तेव्हा ते आणखी आवडलं. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवाचूनही आत ओढू शकतो. आणि जेवणानंतर साखर चढत असते नेमकी त्याच वेळी हा रस्ता उघडला तर उपयोग जास्त. दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून नव्हे. महागडं मनगटी घड्याळही घेतलं नाही. बूट मात्र चांगले घेतले, संध्याकाळी जाऊन, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं लागतं.

जिमची भीती वाटत होती, ती तिथल्या आरशांची आणि माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलामुलींची. प्रत्यक्षात पहिला अडथळा कागदाचा निघाला. सात प्रश्नांचा फॉर्म असतो: हृदयविकार किंवा बीपी आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, दुसरा जुना आजार, चालू औषधं, हाडा-सांध्यांची तक्रार, आणि डॉक्टरांनी देखरेखीखालीच व्यायाम करायला सांगितलंय का. ‘चालू औषधं’पुढे मी ‘हो’ लिहिलं, तर डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले. त्या पत्रासाठी पुन्हा वेळ घेणं आलं, आठवडा गेला. तेव्हा तपासणीला गेल्यावरच ‘व्यायामास हरकत नाही’ अशी चिठ्ठी तारखेसह मागून ठेवा. दुसरं, वर्षाची फी एकदम भरली तर मोठी सूट देतात. भरू नका. पहिले तीन महिने महिन्याची फी भरा, महाग पडली तरी.

ट्रेनरने आठवड्यातून दोन दिवस दिले. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, कमरेतून वाकून वजन उचलणं, केबल छातीकडे ओढणं. प्रत्येकाची आठ ते बारा आवर्तनं, दोन फेऱ्या, आणि थांबायचं कधी, तर आणखी दोन जमली असती असं वाटेल तेव्हा. पहिल्या दिवशी वाटलं, एवढंच? दुसऱ्या दिवशीही फार काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, मांड्या म्हणजे लाकूड. हे स्नायूंचं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतं आणि आपोआप उतरतं. सांध्यात टोचणारं, एकाच बाजूला दुखणारं मात्र वेगळं, ते लगेच सांगायचं. दम लागणं महिन्याभरात कमी झालं. ते व्यायामाने की लोहाने, कोण जाणे.

वजनाचा काटा पहिल्या पंधरवड्यात भराभर खाली आला आणि मग एप्रिलभर जागचा हलला नाही. आधीची घसरण बरीचशी पाण्याची असते. शरीरात साखरेचा जो साठा ग्लायकोजनच्या रूपात असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी झालं की दोन्ही एकदम जातात. हे ठाऊक असूनही एप्रिल फार चिडचिडीत गेला. रोज वजन, रोज गणित, घरच्यांवर उगाच आवाज. शेवटी काटा माळ्यावर टाकला आणि आठवड्यातून एकदाच काढायचा ठरवलं. त्याऐवजी कंबर मोजू लागले. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, सहज श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा साधा अंदाज. माझी एप्रिलमध्ये काटा अडलेला असतानाही कमी होत होती.

याच काळात एका मैत्रिणीने दंडावर लावायचा साखरेचा सेन्सर सुचवला. डॉक्टर म्हणाले, गरज नाही. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर अधूनमधून १४० च्या वर जाते, तुम्ही प्रत्येक चढाला घाबराल. घरी बोटातून रक्त काढून बघायचं यंत्र होतं, आईचं. त्याबद्दलही त्यांनी सांगितलं की आंतरराष्ट्रीय मानकानुसारच या यंत्रांना १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ आहे. आज ११० आणि उद्या १२० आली तर दोन्ही एकच समजा. त्यानंतर मी त्याला हात लावला नाही.

झोपेचं थोडक्यात: सात तास. सलग काही रात्री कमी झोप झाली तर इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, हे प्रयोगांत दिसलंय. जेवण आठला आलं तशी झोपही आपोआप लवकर येऊ लागली, वेगळं काही करावं लागलं नाही.

जूनमध्ये पहिली फेरतपासणी. तीन महिन्यांच्या आत एचबीए१सी पुन्हा करण्यात अर्थ नसतो, ते १२० दिवसांचं गणित आठवा. त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने केली. एचबीए१सी ५.८. हिमोग्लोबिन १२.५. फेरिटिन २४. घरी सगळे खूश, मी तर उड्याच मारत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं, “यातलं लोहाचं किती?” गोळ्या सुरू केल्यावर नव्या पेशींची भर पडते, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे काहीही न करता आकडा उतरतो. माझ्या ०.४ पैकी चालण्याचं किती, गोळीचं किती, हे वेगळं काढता येणार नाही. लोहाचा साठा भरू द्या, मग पुन्हा ग्लुकोज पिऊन बघू, तोवर चालू आहे ते चालू ठेवा. त्या दिवशी मनातून राग आला. आता मला वाटतं, हा माणूस ‘छान’ म्हणून मोकळा झाला असता तर मी जुलैत सगळं सोडून दिलं असतं.

ऑगस्टमध्ये आरोग्यविम्याचा फॉर्म. प्रश्न असा होता: मधुमेह किंवा रक्तात वाढलेली साखर कधी आढळली आहे का? ‘हो’ लिहिलं, सोबत ग्लुकोज टेस्टचा रिपोर्ट आणि ‘मधुमेह नाही, मधुमेहपूर्व अवस्था, औषध चालू नाही’ असं डॉक्टरांचं पत्र जोडलं. तेच कागद पुन्हा मागितले, मग परत मागितले, तीन-चार आठवडे गेले. लपवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. पण दावा करायची वेळ आली की जुने रिपोर्ट निघतातच. सगळे रिपोर्ट तारखेच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवा, तिसऱ्यांदा मागितलं तरी मिनिटात जातात.

सप्टेंबरची ग्लुकोज टेस्ट दुसऱ्या लॅबमध्ये करावी लागली, पहिली दुरुस्तीसाठी बंद होती. तिथे मी ग्लुकोज प्यायले ती वेळ कुणी लिहिलीच नाही. दोन तास मोजतात ते पहिला घोट घेतल्यापासून. मी स्वतः मोबाइलवर वेळ टिपून ठेवली होती, म्हणून पावणेदोन तासांनीच “चला, हात पुढे करा” म्हणाले तेव्हा दाखवता आली. थोडी कुरकुर झाली, पण थांबले.

उपाशीपोटी ९७, दोन तासांनी १३१, एचबीए१सी ५.६, फेरिटिन ४६. वजन ६६.८, म्हणजे ते पाच किलो काही पूर्ण झाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही टेस्ट त्याच माणसावर आठवड्याने पुन्हा केली तरी आकडा बऱ्यापैकी इकडे तिकडे होतो, तेव्हा १३१ ला फार नाचू नका. आईचा मधुमेह तुमच्या रक्तात आहे तो आहेच.

लोहाची गोळी आता थांबवली आहे. डिसेंबरमध्ये नुसतं फेरिटिन बघायचं. साठा टिकला तर पुढच्या सप्टेंबरला एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर एवढंच पुरेल, कारण लोह भरलेलं असताना त्या आकड्यावर सरळ विश्वास ठेवता येईल. ते ७५ ग्रॅम ग्लुकोज पुन्हा प्यायला लागणार नाही, या एका आशेवर मी पालेभाजी आणि चहा यांच्यातलं अंतर अजून पाळते आहे.